पिस्तुलाच्या नळीतला पीळ

पीळ म्हणजे नळीच्या आतल्या वळणदार खाचा; त्या गोळीला फिरवतात, आणि जितक्या कमी इंचांत एक फेरा पुरा होतो तितका पीळ घट्ट. "पीळ जितका घट्ट तितका नेम चोख" असं कोणी म्हणेल, पण ते पिस्तुलाला फारसं लागू होत नाही. पिस्तुलाची गोळी आखूड आणि जाड, तिला स्थिर ठेवायला फार फिरवावं लागत नाही. ग्रीनहिल या गणितज्ञाच्या जुन्या सूत्राने (१५० × व्यासाचा वर्ग ÷ लांबी, सगळं इंचात) .४५ एसीपी या पिस्तुलाच्या काडतुसातल्या २३० ग्रेन (सुमारे १५ ग्रॅम) गोळीला साधारण ४५ इंचांत एक फेरा पुरतो. कोल्ट १९११ पिस्तुलाच्या नळीत तो १६ इंचांतच होतो. म्हणजे सेकंदाला सहाशेहून जास्त फेरे! ग्लॉक पिस्तुलाची ९ मिमी नळी तर २५० मिमीतच फेरा पुरा करते.

फरक पडला तर संथ गोळीत. .३८ ची १४८ ग्रेन वॉडकटर (सपाट तोंडाची, शिशाचा नुसता दंडगोलच) ५० यार्डांवर मारायची तर स्मिथ अँड वेसनच्या रिव्हॉल्वरचा १८.७५ इंची पीळ अमेरिकेतल्या काही नेमबाजांना सैल वाटायचा. मग स्मिथच्या फ्रेमवर कोल्ट पायथन रिव्हॉल्वरची १४ इंची पिळाची नळी चढवायचे. त्या संकराचं नावच 'स्मायथन'. २५ मीटरसाठी मात्र हा खटाटोप मला फुकाचा वाटतो. नळीला हात लावण्याआधी दोन-तीन वेगळ्या मेकची काडतुसं मारून बघा.