युगांडात मिशन इंटर्नशिप: तयारी काय?

प्रश्न: जय ख्रिस्त. मंडळीतर्फे (चर्चतर्फे) सहा महिने कंपालाजवळच्या गावात जायचंय. लसी, औषधं, कपडे, काय बघावं?

उत्तर १: पीतज्वराची लस निदान १० दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच घ्या. पिवळं कार्ड (लस घेतल्याचं प्रमाणपत्र) पासपोर्टातच ठेवा. परतताना ते नसेल तर भारतात ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात.

उत्तर २: मलेरियासाठी डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लिन दिली तर रोज १०० मिग्रॅ, निघण्याच्या १-२ दिवस आधीपासून ते परतल्यावर ४ आठवडे. हे शेवटचे ४ आठवडेच लोक बुडवतात, मग ताप घरी आल्यावर चढतो. गोळी जेवणानंतर, पेलाभर पाण्याबरोबर. घेऊन लगेच आडवं झालात तर अन्ननलिका पोळते. उन्हातही कातडी लवकर भाजते.

उत्तर ३: दादा, कपड्यांचं कुणी बोललंच नाही! बाहेर वाळत घातलेल्या ओलसर कपड्यांवर मँगो फ्लाय नावाची माशी अंडी घालते, अळी थेट कातडीत शिरते आणि गळू होतं. अंतर्वस्त्रांसकट सगळ्याला दोन्ही बाजूंनी कडक इस्त्री, शिवणींवर जास्त. आणि टूरिस्ट व्हिसावर सेवाकार्य नको, बिनपगारी असलं तरी. परवान्याचं तिथल्या मंडळीला आत्ताच विचारा.