मदत हवी आहे : एकाच सिलिंडरचे कॉम्प्रेशन कमी

लहान विमानाच्या चार सिलिंडरच्या एअर-कूल्ड इंजिनची डिफरेन्शियल कॉम्प्रेशन चाचणी (सिलिंडरमध्ये ठरावीक दाबाची हवा सोडून किती दाब टिकतो ते पाहणे) इंजिन गरम असतानाच केली, तेव्हा तिसऱ्या सिलिंडरचे रीडिंग ५८/८० आले, म्हणजे ८० psi पैकी ५८ च टिकले. बाकी तिन्ही ७४ च्या वर आहेत. गेज तपासून, उड्डाणानंतर पुन्हा चाचणी घेऊनही आकडा फारसा बदलला नाही. हवेची फुसफुस एग्झॉस्ट पाइपातून स्पष्ट ऐकू येते, ऑइल भरण्याच्या तोंडाशी मात्र अजिबात नाही, म्हणून पिस्टनच्या रिंगांपेक्षा एग्झॉस्ट व्हॉल्व्हवरच माझा संशय अधिक आहे. बोरस्कोपमधून (सिलिंडरच्या आत घालायच्या बारीक कॅमेऱ्यातून) पाहता व्हॉल्व्हच्या कडेला एकाच बाजूस फिकट पट्टा दिसतो, तडा नाही. ऑइलचा खप पूर्वीइतकाच आहे. अंतिम निर्णय परवानाधारक अभियंत्याचाच राहील, आणि तोवर विमान जमिनीवरच आहे. अशा व्हॉल्व्हला सिलिंडर न उतरवता जागेवरच लॅपिंग (व्हॉल्व्ह त्याच्या बैठकीवर घासून नीट बसवणे) केल्यास ते टिकते का, की हा एकांगी पट्टा व्हॉल्व्ह जळू लागल्याची खूण समजून सिलिंडर उतरवणेच योग्य ठरेल?