मदत हवी आहे: सुट्टीत कॉलेजातच आजारी पडलेला मुलगा, १८७८

एकांकिका लिहितेय. कॉलेजला सुट्टी लागलीय, वसतिगृहाचं स्वयंपाकघर बंद, आणि एकटाच मुलगा विषमज्वराने (टायफॉइडने) पडून आहे. उशाशी अर्धवट लिहिलेलं घरचं पत्र, घामाने शाई पसरलेली.

विषमज्वराचा जंतू एबर्टने १८८० मध्ये पाहिला, तो ओळखायची रक्ताची विडाल चाचणी आली १८९६ मध्ये. म्हणजे माझ्या डॉक्टरकडे लक्षणं, नाडी आणि ऑलबटचा छोटा थर्मामीटर, एवढंच. इंग्रज डॉक्टर विल्यम बड मात्र दूषित पाण्याकडे आधीपासून बोट दाखवत होता, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

अडलंय इथे: तीन-चार आठवडे ताप उतरत नाही, तेव्हा त्या मुलाची शुश्रूषा कोण करत असे? शिपाई, की एखादे प्राध्यापक? जुनी पत्रं, रोजनिश्या कुणी वाचल्या असतील तर कृपया सांगा. त्या मुलाला मला खोटं रंगवायचं नाही.