डिशचं बिल ६३८ रुपये, वर नवीन बॉक्स घ्या म्हणून रोज फोन. घ्यावा का?

पेठेबाहेरची
नमस्कार मंडळी. कर्वेनगरला राहतो, घरात मी, नवरा, सासूबाई आणि नववीतला मुलगा. टीव्ही दोन आहेत, हॉलमध्ये ४३ इंची स्मार्ट टीव्ही (दोन वर्षांपूर्वी दसऱ्याला घेतलेला) आणि बेडरूममध्ये जुना २४ इंची. दोन्हीला मिळून महिन्याला ६३८ रुपये ३८ पैसे कटतात आणि खरं सांगायचं तर बघतं कोण, आई संध्याकाळी सात ते साडेनऊ सिरियल बघतात, नवरा सकाळी चहाबरोबर बातम्या आणि क्रिकेट असलं की क्रिकेट, मुलगा तर मोबाईलमधून डोकं वर काढत नाही. आता गेले पंधरा दिवस कंपनीतून फोन येतायत की मॅडम तुमचा बॉक्स जुना झालाय, अँड्रॉइड बॉक्स घ्या, पिक्चर पण सुधारेल आणि पावसात सिग्नल जातो ते पण थांबेल. पावसात जातो हे खरंय, यंदा जूनपासून तर रिमझिम असली तरी स्क्रीन काळी. पिक्चर पण पुसट येतो, एचडीचे पैसे भरून. बॉक्स बदलावा का? आणि बिल कमी करायला नक्की कुठे कात्री लावायची? कस्टमर केअरला विचारलं तर ते अजून मोठा पॅकच सांगतात.

हिशोबी_कोथरूड
ताई, आधी हे दोन प्रश्न वेगळे करा. बॉक्सचा आणि बिलाचा एकमेकांशी काही संबंध नाहीये, फोनवाले ते मुद्दाम एकत्र करून सांगतात. तुमच्या कंपनीच्या ॲपमध्ये जा, माय पॅक की काय असेल ते उघडा आणि बिलाची फोड इथे टाका. नेटवर्क कपॅसिटी फी किती, चॅनलचे किती, दुसऱ्या टीव्हीचे किती. त्याशिवाय बोलण्यात अर्थ नाही.

पेठेबाहेरची
बघितलं. हॉलचा बॉक्स: नेटवर्क कपॅसिटी फी १६०, चॅनल १९०, जीएसटी ६३, म्हणजे ४१३. बेडरूमचा: फी ६४, चॅनल १२७, जीएसटी धरून २२५.३८. पॅकच्या नावात एचडी, फॅमिली, स्पोर्ट्स सगळंच आहे. हा पॅक मी कधी निवडला हेच आठवत नाहीये.

हिशोबी_कोथरूड
तुम्ही निवडलाच नसणार. २०१९ च्या फेब्रुवारीत ट्रायचा, म्हणजे टीव्ही-फोन कंपन्यांना नियम घालून देणाऱ्या सरकारी संस्थेचा, नियम आला की ग्राहकाने आपले चॅनल स्वतः निवडायचे, आठवतंय का, तेव्हा टीव्हीवर सारखी पट्टी फिरायची. ज्यांनी निवडले नाहीत त्यांना कंपन्यांनी बेस्ट फिट प्लॅनमध्ये टाकलं. बेस्ट फिट म्हणजे कुणाला फिट ते विचारू नका. अर्ध्या पुण्याचा पॅक अजून तोच चालू आहे.

आता तुमची फोड बघा. ती १६० ची फी म्हणजे चॅनल बघायचे पैसे नाहीत, नुसतं कनेक्शन चालू ठेवायचं भाडं समजा. आधी नियम असा होता की २०० चॅनलपर्यंत जास्तीत जास्त १३० आणि त्याच्या वर गेलात की जास्तीत जास्त १६०. जुलै २०२४ मध्ये ट्रायने ही वरची मर्यादा काढून टाकली, आता कंपनी ठरवेल ती फी, म्हणून तुमच्या कंपनीचे सध्याचे स्लॅब वेबसाइटवर एकदा बघून घ्या. पण तुम्हाला १६० लागतायत म्हणजे तुमच्याकडे हेच जुने स्लॅब दिसतायत आणि तुम्ही २०० च्या वर आहात. आणि इथे गंमत अशी की एक एचडी चॅनल दोन एसडी, म्हणजे साधी चॅनल, म्हणून मोजतात. तुमच्या पॅकमध्ये समजा चाळीस एचडी असतील तर ते ऐंशी झाले. ते काढलेत की आपोआप १३० च्या स्लॅबमध्ये याल, नुसते तिथेच ३० आणि त्यावरचा जीएसटी, ३५ रुपये ४० पैसे सुटले, एकही आवडीचं चॅनल न सोडता.

बेडरूमचे ६४ म्हणजे १६० च्या बरोब्बर ४० टक्के, दुसऱ्या टीव्हीला जास्तीत जास्त तेवढीच फी घ्यायची असा नियम होता. चॅनलचे १२७ मात्र तिथे विनाकारण जातायत. नवरोबा तिथे काय बघतात? बातम्या. न्यूजचे बरेचसे चॅनल फ्री टू एअर असतात, त्यांना चॅनलची किंमतच नाही.

आता एक काम करा, आठवडाभर आईंच्या शेजारी बसा आणि कागदावर लिहा, खरंच कुठला नंबर लावला गेला. मी आमच्याकडे केलं होतं. २८४ चॅनल होते, बघितले गेले अकरा, त्यातले पाच फुकटवाले.

फिटर_धायरी
मी हीच कामं करतो सिंहगड रोड साइडला, १४ वर्षं झाली. ताई सरळ सांगतो, नवीन बॉक्सने पावसाचा प्रॉब्लेम जात नाही. बॉक्स घरात बसलेला असतो, पाऊस गच्चीवर पडतो. सिग्नल येतो ३६ हजार किलोमीटरवरून, केयू बँडचा असतो, जोरदार पाऊस आला की पाण्याच्या थेंबांतच तो जिरतो. मोठ्या सरीला पाच दहा मिनिटं गेला तर ते नॉर्मल आहे, कुणाचाही जातो. पण तुम्ही म्हणताय रिमझिमला पण जातो, म्हणजे सिग्नल आधीच काठावर आहे, जरा काही झालं की खाली पडतो.

कारणं ठरलेली. एक तर एलएनबीला, म्हणजे डिशच्या पुढच्या दांड्यावर सिग्नल पकडणारा डबा असतो त्याला, केबल लागते तिथला एफ कनेक्टर गंजलेला असतो, पावसाचं पाणी केबलच्या आत उतरतं आणि आतली तांब्याची तार हिरवी पडते. दुसरं, डिश वाऱ्याने किंवा गच्चीवर पापड वाळवायला आलेल्या कुणाच्या धक्क्याने जराशी हललेली असते, बोटभर हलली तरी पुष्कळ. आणि तिसरं लोकांना कळतच नाही ते म्हणजे झाड. पुण्यातून आपल्या डिश साधारण आग्नेयेकडे बघतात, पण ही डिश ऑफसेट असते, ती समोर बघतेय असं वाटतं आणि सिग्नल मात्र त्याच्यापेक्षा बराच वरून येतो. लोक समोर बिल्डिंग शोधतात आणि डोक्यावर गुलमोहराची फांदी वाढलेली असते. उन्हाळ्यात पानं नसतात तेव्हा टीव्ही चकाचक, पावसाळ्यात पालवी ओली झाली की गेला.

रिमोटवर सेटिंगमध्ये सिग्नलचं पान असतं, त्यात स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी असे दोन पट्टे दिसतील. स्ट्रेंग्थ चांगली आणि क्वालिटी कमी असेल तर डिशची दिशा नाहीतर झाड. दोन्ही कमी असेल तर केबल कनेक्टर बघा.

आणि एक विचारतो, रागावू नका. बॉक्सपासून टीव्हीला वायर कुठली जोडलीये? लाल पांढरी पिवळी अशी तीन पिनांची का एकच चपटी?

पेठेबाहेरची
लाल पांढरी पिवळी. का?

फिटर_धायरी
झालं मग. एचडी त्या वायरमधून येतच नाही. बॉक्सच्या मागे एचडीएमआयचं भोक आहे का बघा, एचडी बॉक्स असेल तर असणारच. जुन्या टीव्हीची वायर होती तीच नवीन टीव्ही आल्यावर लावून माणूस निघून गेला. बुधवार पेठेत तापकीर गल्लीत जा, दीडशे दोनशेत वायर मिळेल, मग बॉक्सच्या सेटिंगमध्ये व्हिडिओ आउटपुट १०८० करा. पिक्चर पुसट म्हणून नवीन बॉक्स घेणारे महिन्याला चार तरी भेटतात मला, तिघांची वायरच चुकीची असते.

नो_केबल_वाकड
कशाला एवढा खटाटोप, डिश उपटून टाका आणि फायबर घ्या. ४३ इंची स्मार्ट टीव्ही आहे ना, ॲपवर सगळ्या सिरियल असतात, आम्ही २०२१ पासून डिश बंद केली. बॉक्स वगैरे सगळं जुन्या जमान्यातलं.

हिशोबी_कोथरूड
तुमच्या घरी सत्तरीच्या पुढचं कोण आहे का? नाही ना? ॲप उघडा, प्रोफाइल निवडा, मग सर्च करा, मग जाहिरात, हे आईंना रोज सातच्या ठोक्याला जमलं पाहिजे. त्यांना एक नंबर दाबला की सिरियल लागली पाहिजे. शिवाय एका ॲपवर सगळी मराठी चॅनल मिळत नाहीत, प्रत्येक कंपनीचं वेगळं ॲप, तीन ॲपचे वर्षाचे पैसे लावा मग बोला. मुलगा आणि ताईंसाठी ॲप ठीक, पण ते वायफायवर आत्ताही चालतच असणार.

नो_केबल_वाकड
मान्य, माझ्या आईला मी मागच्या वर्षी परत डिश घेऊन दिली सांगलीला :) आणि क्रिकेट ॲपवर थोडं मागे असतं हे पण खरं, शेजारच्या बिल्डिंगमधून ओरडा आला की आम्हाला कळायचं विकेट पडणार आहे. पण अँड्रॉइड बॉक्स घेऊ नका हे मी पण म्हणेन. तो बॉक्स साध्या टीव्हीला स्मार्ट करतो. तुमचा टीव्ही मुळातच स्मार्ट आहे, एकाच गोष्टीचे दोनदा पैसे. ज्यांचा जुना एलसीडी आहे आणि अजून पाच वर्षं चालवायचाय त्यांनी घ्यावा.

वारजेकर_काका
मी निवृत्त माणूस, माझा वेळ जातो म्हणून लिहितो. बेडरूमच्या टीव्हीला डीडी फ्री डिश लावा. प्रसार भारतीची सेवा आहे, महिन्याला शून्य रुपये, रिचार्ज नाही, फोन नाही, "सर तुमच्यासाठी खास ऑफर" नाही. बॉक्स, डिश, फिटिंग एकदाच. सह्याद्री आहे, बातम्यांचे भरपूर चॅनल आहेत. खासगी चॅनल मात्र लिलावाने येतात, त्यामुळे यंदा असलेलं पुढच्या वर्षी असेलच असं नाही, आणि मोठ्या पे चॅनलच्या संध्याकाळच्या सिरियल त्यावर मिळणार नाहीत, म्हणून हॉलच्या टीव्हीला नको. सूनबाईंनी सासूबाईंच्या सिरियलला हात लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

तुमच्या कंपनीच्या डिशवर तो चालणार नाही, त्याचा सॅटेलाइट वेगळा, ९३.५ अंश पूर्वेला, छोटी डिश वेगळी लावावी लागेल. हल्लीच्या काही टीव्हींना मागे एलएनबीचं सॉकेट असतं, तसं असेल तर बॉक्सही लागत नाही, पण तुमचा २४ इंची जुना म्हणताय तर लागेल. आणि सोसायटीला विचारून घ्या. आमच्या जिन्यात पाटी आहे, "गच्चीवर डिश लावण्यापूर्वी सेक्रेटरींना विचारावे. सेक्रेटरी दुपारी १ ते ४ सांगणार नाहीत."

अजून एक. आम्ही दोघं दरवर्षी दोन महिने लेकीकडे बंगलोरला असतो, तेव्हा कनेक्शन तात्पुरतं बंद करून ठेवतो. आधी सांगावं लागतं आणि पूर्ण महिन्याच्या हिशोबात बंद करतात. लोक नुसतं कुलूप लावून जातात आणि पैसे कटत राहतात.

पेठेबाहेरची
काका, सिरियलला हात लावायची माझी हिंमत नाही, निश्चिंत राहा :) पण कंपनी बदलली तर? नवीन ग्राहकाला स्वस्तात देतात म्हणे.

हिशोबी_कोथरूड
बॉक्स फेकून द्यावा लागेल म्हणून मी तरी नाही बदलणार. एका कंपनीचा बॉक्स दुसरीकडे चालत नाही. मोबाईलसारखं कुठलंही सिम कुठल्याही फोनमध्ये असं टीव्हीच्या बॉक्सचं व्हावं म्हणून ट्रायने २०२० मध्ये शिफारस केली होती, ती आहे तिथेच आहे. बदलायचं म्हणजे परत डिश, परत फिटिंग, आणि सहा महिन्यांनी ऑफर संपली की परत तुम्ही इथेच प्रश्न विचारणार. त्यापेक्षा आहे त्यातले चॅनल कमी करा. फक्त चॅनल घेतल्यावर काही दिवस काढू देत नाहीत असं काही कंपन्यांचं असतं, तेवढं विचारून घ्या. क्रिकेटचं चॅनल सिरीज असेल त्या महिन्यापुरतं घेता येतं.

पेठेबाहेरची
तीन आठवड्यांनी लिहितेय, सांगायचं राहिलं होतं. आधी वायर. तापकीर गल्लीतून १८० ला आणली, लावली आणि आई म्हणाल्या ह्या नटीच्या साडीला जर आहे हे आज कळलं. इतकी वर्षं आम्ही एचडीचे पैसे भरत होतो, आणि वायर ती पिवळी. नवरा म्हणाला हे कुणाला सांगू नकोस, म्हणून इथे सांगतेय.

गच्चीवर धायरीच्या दादांनी सांगितलं तसंच निघालं, गुलमोहर नव्हता, शेजारच्या बंगल्याचा सोनमोहोर होता. त्यांना विचारायला गेले तर ते म्हणाले फांदी आमच्या हद्दीतली आहे. मग जवळच्याच एका फिटरला बोलावून डिशच सहा फूट बाजूला सरकवली, कनेक्टर बदलला, ४०० घेतले. गेल्या मंगळवारी दुपारी धो धो पाऊस होता तेव्हा गेला होता पाचेक मिनिटं, बाकी नाही.

आठवडाभर लिहून काढलं तर आईंचे चार, नवऱ्याचं एक स्पोर्ट्स, माझं एक खाण्याचं. एचडी सगळी काढली, एसडी पण आता नवीन वायरीवर पूर्वीपेक्षा बरं दिसतं. फी १३० वर आली, सुटे चॅनल आणि एक छोटा पॅक मिळून ९४, जीएसटी धरून २६४ रुपये ३२ पैसे. बेडरूमचं कनेक्शन बंद करून फ्री डिश लावली, फिटिंगसकट १७५० गेले, तिकडचे २२५ वाचतात त्यात आठ महिन्यांत वसूल. सेक्रेटरींना साडेचार वाजता विचारलं, हो म्हणाले.

एकच घोळ झाला, पॅक बदलल्यावर आईंचं सकाळचं कीर्तनाचं चॅनल गायब झालं आणि दोन दिवस घरात शांतता होती, चांगल्या अर्थाने नाही. शोधलं तर ते फ्रीच होतं, शून्य रुपयांत ॲड झालं. नवीन बॉक्सवाल्यांचे फोन मात्र अजून येतायत, ते कसे थांबवायचे?

वारजेकर_काका
१९०९ वर डीएनडी, म्हणजे जाहिरातीचे फोन नकोत अशी नोंद, करा. माझे थांबले नाहीत, पण तुमचे थांबतील कदाचित.