प्रीसीझन बघताना तुम्ही नेमकं काय बघता? फोर्टीनायनर्स आणि बाकीचेही

सांताक्लारा_केदार

काल ग्रुपवर कुणीतरी आपल्या फोर्टीनायनर्सचा (एनएफएल, म्हणजे अमेरिकन फुटबॉल लीगमधली सॅन फ्रान्सिस्कोची टीम) तेव्हाचा किकर जेक मूडी याच्या त्या किकची क्लिप परत फिरवली आणि २०२५ ची सगळी प्रीसीझन (सीझनआधीच्या सराव मॅचेस) आठवली. १६ ऑगस्ट, लास व्हेगस, शेवटच्या क्षणी ५९ यार्ड, फोर्टीनायनर्स २२, रेडर्स १९. त्या रात्री जो तो लिहीत होता की किकरचा प्रश्न मिटला. ७ सप्टेंबरला सिएटलमधे सीझनची पहिली मॅच, त्यात २७ यार्डांची खांबावर आपटली, ३६ ची ब्लॉक झाली. मॅच १७-१३ अशी जिंकली, तरी दोन दिवसांत मूडी बाहेर आणि एडी पिनेरो आत.

म्हणून हा धागा. प्रीसीझनच्या तीन मॅचेसमधून काय खरं धरायचं आणि काय सोडून द्यायचं, ते प्रत्येकाने आपापल्या टीमच्या उदाहरणासकट लिहा.

स्कोअर सोडून द्यायचा, त्यावर वाद नकोच. २००८ चे लायन्स प्रीसीझनला ४-०, सीझनला ०-१६. २०१७ चे ब्राउन्स, अगदी तेच आकडे. रेव्हन्सनी प्रीसीझनच्या सलग २४ मॅच जिंकल्या, २०२३ मधे वॉशिंग्टनने २९-२८ ने ती माळ तोडली, आणि त्या सगळ्या वर्षांत सुपर बोल एकही नाही. आपणही २०२५ ची पहिली प्रीसीझन मॅच ब्रॉंकोजकडून ३०-९ अशी हरलो आणि सीझन १२-५ केला.

मी दोनच गोष्टी टिपतो. कोणता गडी कितव्या सिरीजला (बॉल टीमकडे असतानाचा एक सलग डाव) उतरला, आणि समोर पहिली फळी होती की तिसरी. चौथ्या क्वार्टरमधला सॅक (बॉल फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला बॉलसकट पाडणं) म्हणजे बहुतेक वेळा ज्याला कटच्या मंगळवारी नारळ मिळणार आहे अशा टॅकलवर (लाइनच्या कडेचा ब्लॉकर) मिळवलेला सॅक. पहिल्या क्वार्टरमधे स्टार्टर टॅकलला दोन पावलं मागे रेटलं, सॅक नाही मिळाला, तरी माझ्या वहीत त्याचं वजन जास्त.

नाना_डलास

केदार, किकरचं बोललास म्हणून आधी तेच. अंतराचा हिशोब नवीन लोकांसाठी: बॉल जिथे आहे ते यार्ड अधिक १७. दहा यार्ड एंड झोनचे (गोल लाइनमागचा पट्टा), सात होल्डर (बॉल धरून ठेवणारा) मागे बसतो त्याचे. म्हणजे ५९ ची किक ४२ यार्ड लाइनवरून. खांबांमधलं अंतर साडेअठरा फूट.

प्रीसीझनला ५९ गेली याचा अर्थ पायात ताकद आहे. ती तर सगळ्यांकडेच असते. बघायचं ते स्नॅप (बॉल मागे फेकतात तो क्षण) ते पाय लागेपर्यंतचा वेळ. साधारण १.३ सेकंदाच्या आत सगळं उरकलं पाहिजे. लॉंग स्नॅपर (बॉल मागे फेकणारा), होल्डर, किकर तिघांचं मिळून ते घड्याळ असतं. फोनवर रेकॉर्ड करून फ्रेम मोजा, जमतं. दुसरं म्हणजे बॉल किती उंच उठतो. लांबची मारताना किकर कोन खाली घेतो आणि प्रीसीझनमधे समोरचे ब्लॉक करायला जीव तोडून उड्या मारत नाहीत, म्हणून खपून जातं. सीझनला तोच कोन ३६ यार्डांवर हातात सापडतो. शिवाय लास व्हेगसला छत आहे, वारा नाही.

रानजाई

लाइन! कुणी ऑफेन्सिव्ह लाइनबद्दल (क्वार्टरबॅकपुढची ब्लॉकरांची फळी) लिहीतच नाही, सगळे बॉलच्या मागे.

बॉल बघायचा नाही. एका ड्राइव्हला (म्हणजे सिरीजला) एकच गडी धरायचा. लेफ्ट टॅकल धरला तर पहिलं पाऊल: मागे सरकताना कंबर खाली आहे की सरळ उभा राहतोय? हात छातीच्या आत पडतात की खांद्याबाहेर? बाहेर पडले की होल्डिंगचा (समोरच्याला धरल्याचा) पेनल्टी झेंडा आज ना उद्या येणारच. मग स्टंट. दोन डिफेन्सिव्ह लाइनमन जागा बदलून आत-बाहेर येतात तेव्हा गार्ड आणि टॅकल आपले गडी एकमेकांना सोपवतात की दोघंही एकाच्याच मागे जातात? नवख्या गार्डचं पितळ इथेच उघडं पडतं.

आणि सॅक झाला म्हणजे लाइनचा दोष, असं कृपया लिहू नका. बॉल साधारण अडीच सेकंदात सुटायला हवा. तिसऱ्या नंबरचा क्वार्टरबॅक साडेतीन सेकंद धरून उभा राहिला तर टॅकल काय करणार बिचारा.

प्रीसीझनचा एक खोटेपणाही लक्षात ठेवा. डिफेन्स साध्या चालीच खेळतात, ब्लिट्झ (क्वार्टरबॅकवर जादा गडी) फारसे पाठवत नाहीत, कारण पहिल्या आठवड्याची शिदोरी कुणी ऑगस्टमधे उघडत नाही. म्हणून लाइन असते त्याहून बरी दिसते.

पुणेरी_टचडाऊन

भारतातून बघणाऱ्यांसाठी: कॅलिफोर्नियात संध्याकाळी ७ ची मॅच म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी ७:३०. चहा-पोहे आणि प्रीसीझन, उत्तम जमतं. सीझनच्या ईस्टर्न (अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या वेळेनुसार) दुपारी १ च्या मॅचेस रात्री १०:३० ला, नोव्हेंबरात तिकडची घड्याळं मागे गेली की ११:३०.

एक विचारू? सीझनआधी टीम ९० मधून ५३ वर छाटली की उरलेले ३७ थेट घरी?

शिरीषकाका_सनीवेल

नाही रे. नीट सांगतो, दर ऑगस्टला हाच गोंधळ असतो.

२०२३ पासून कट एकाच दिवशी होतो. त्याआधी ८५, ८० असे टप्पे असायचे. मंगळवारी ईस्टर्न ४ वाजता, म्हणजे तुमच्याकडे रात्री १:३०. ज्यांचे चार सीझन जमा झालेत ते कट झाले की तिथल्या तिथे मोकळे, कुणाशीही बोलू शकतात. चारपेक्षा कमी असतील तर वेव्हर्सवर जातात आणि दुसऱ्या दिवशी दुपारी १२ पर्यंत (तुमचे रात्री ९:३०) कुठलीही टीम उचलू शकते. रांग आधीच्या सीझनच्या निकालावरून, वाईट रेकॉर्ड आधी, आणि तिसरा आठवडा संपेपर्यंत तीच चालते. २०२४ ला आपण ६-११ होतो म्हणून २०२५ च्या ऑगस्टमधे अकरावे होतो. १२-५ नंतर रांगेत पार मागे.

कुणी उचललं नाही तर प्रॅक्टिस स्क्वॉड (५३ च्या बाहेरची सरावाची तुकडी), १६ जागा. त्यात जास्तीत जास्त ६ जण कितीही अनुभवी चालतात. दर आठवड्याला दोघांना वर आणता येतं, एका गड्याला सीझनमधे तीनदाच. दुसऱ्या टीमला तुमच्या स्क्वॉडमधला हवा असेल तर त्याला थेट आपल्या ५३ मधे घ्यावं लागतं.

म्हणून रोस्टरचा अंदाज बांधताना "हा गडी चांगला आहे का" एवढाच प्रश्न नसतो. "याला वेव्हर्सवर टाकला तर परत मिळेल का" हा खरा प्रश्न. प्रीसीझनला चौथ्या क्वार्टरमधे दीडशे यार्ड पळालेला रनिंग बॅक (बॉल घेऊन पळणारा) सगळ्यांनी बघितलेला असतो, तो सहसा परत मिळत नाही. शांतपणे ब्लॉक करणारा टाइट एंड (ब्लॉकही करतो, बॉलही पकडतो तो) मिळतो.

अवंती_फ्रीमॉंट

टाइट एंडवरून, जेक टॉंजेस! ड्राफ्टमधे (नव्या खेळाडूंची वार्षिक निवड) कुणी घेतला नव्हता, २०२४ ला आपल्याच प्रॅक्टिस स्क्वॉडवर. सिएटलच्या त्याच मॅचमधे आपला मुख्य टाइट एंड किटल जखमी झाला आणि जिंकून देणारा टचडाऊन टॉंजेसने पकडला. त्या दिवसापर्यंत त्याच्या नावावर एनएफएलमधे एकही कॅच नव्हता!! अजूनही बघताना डोळ्यात पाणी येतं.

रानजाई

अवंती ❤️ आणि तो कॅच उंच उडी मारून, सिएटलच्या वूलनसारख्या उंच कॉर्नरच्या (रिसीव्हरला झाकणारा डिफेन्डर) डोक्यावरून.

एडिसनचा_बाप्पा

आम्ही जायंट्सवाले. आमचा रिसीव्हर व्हिक्टर क्रूझ, २०१० ची प्रीसीझन, जेट्सविरुद्ध ३ टचडाऊन. त्या वर्षी दुखापतीने बाहेर, पण २०११ ला १५३६ यार्ड आणि सुपर बोल. तेव्हा चौथ्या क्वार्टरवाल्यांना अगदीच मोडीत काढू नका.

मात्र त्याचे कॅच परत बघा. डिफेन्डर चुकल्यामुळे मोकळा सापडलेला रिसीव्हर वेगळा आणि कव्हरेज बरोबर असतानाही बॉल हिसकावून घेणारा वेगळा. दुसरं वर्षभर टिकतं. रूट (पळायची ठरलेली वाट) कसा कापतो बघा: दहा यार्डांवर वळताना तीन पावलांत थांबतो की पाच? पाच लागली तर कॉर्नर पोचतोच.

गोंयकार_ऑस्टिन

किकऑफच्या (डाव सुरू करायची किक) नवीन नियमामुळे पोटाखालच्या जागांचं गणित पार बदललंय. ते कुणी धरत नाही.

किकर आपल्या ३५ वर, बाकीचे दहा जण समोरच्यांच्या ४० वर उभे. बॉल जमिनीला किंवा गड्याला लागेपर्यंत त्यांनी हलायचं नाही. रिटर्नवाले निदान नऊ जण ३० ते ३५ च्या पट्ट्यात. बॉल गोल लाइन ते २० मधे पडला की पळावंच लागतं. थेट एंड झोनमधे मारला तर २०२५ पासून टचबॅक (न पळता तिथून डाव सुरू) ३५ वर, आणि आधी पट्ट्यात पडून आत घरंगळला तर २० वर.

पूर्वी चाळीस यार्ड सुसाट धावणारा लागायचा. आता पाच यार्डांवरून भिडायचंय, तेव्हा आडवं सरकून टॅकल करणारा लाइनबॅकर किंवा जाडजूड सेफ्टी (दोन्ही डिफेन्सच्या मागच्या जागा) हवा. म्हणून सहावा रिसीव्हर कापून सहावा लाइनबॅकर ठेवला तर शिव्या घालू नका. लाइनबॅकर ल्यूक गिफर्डला आपण मुख्यतः स्पेशल टीम्ससाठीच (किकच्या वेळच्या तुकड्या) आणलं होतं.

पुणेरी_टचडाऊन

"पोटाखालच्या जागा" म्हणजे?

गोंयकार_ऑस्टिन

रोस्टरचा तळ रे, साधारण ४५ ते ५३ नंबर. मॅचच्या दिवशी ४८ च जण कपडे घालतात, तेही लाइनचे निदान ८ असतील तर, नाहीतर ४७. तळाचा गडी किकऑफ, रिटर्न, पंट (बॉल हातातून सोडून लांब मारायची किक), पंट रिटर्न यातल्या तीन तुकड्यांत तरी नसेल तर तो ४८ मधे कशाला येईल? प्रीसीझनच्या पहिल्या पंटला कोण गनर (बॉल पकडणाऱ्यावर आधी धावून जाणारा) म्हणून बाहेर उभा आहे बघ. तिथे कोचने मन उघडं केलेलं असतं.

नाना_डलास

अगदी. आणि दुसऱ्या मॅचला तो गनर बाहेर आणि त्याच्या जागी नवा आला, तर समज.

मधुरा_के

लेव्हाय्जला (फोर्टीनायनर्सचं स्टेडियम) प्रीसीझन बघायला मुलांना घेऊन जायचंय, तिकिटं स्वस्त आहेत. ऊन फार लागतं का? बॅग कोणती चालते?

अवंती_फ्रीमॉंट

मधुराताई, दुपारची मॅच असेल तर पूर्वेकडची बाजू अजिबात घेऊ नका, ऊन थेट तोंडावर येतं. पश्चिमेला उंच इमारत आहे, तिची सावली मिळते. पारदर्शक बॅग १२ बाय ६ बाय १२ इंचापर्यंत, किंवा एक गॅलनची झिप पिशवी. लहान पर्स साडेचार बाय साडेसहा. कॅलट्रेनने माउंटन व्ह्यू, तिथून व्हीटीएची ऑरेंज लाइन, ग्रेट अमेरिका स्टेशन. पार्किंगचे पैसे वाचतात. टोप्या विसरू नका!

मधुरा_के

थॅंक्यू गं 🙏 रात्रीचीच बघते मग.

शिरीषकाका_सनीवेल

दुखापतींचं राहिलं. कटच्या आधी आयआरवर (जखमींची यादी) टाकला की गडी त्या सीझनपुरता संपला. २०२४ पासून सूट आहे: कटच्या दिवशी दोघांना "परत येणार" असं लिहून आयआरवर टाकता येतं, पण ते सीझनच्या आठ परतीच्या संधींमधून वजा होतात. पीयूपीवर (आधीच्या दुखापतीतून न सावरलेल्यांची यादी) राहिला तर पहिल्या चार मॅच बाहेर. फोर्टीनायनर्सचा रिसीव्हर आयुक याचं २०२५ ला तेच झालं होतं.

तेव्हा ५३ ची यादी मंगळवारी बघून रडारड नको. बुधवार-गुरुवारी ती बदलते. ओळखीच्या अनुभवी गड्याला सोडतात, तो वेव्हर्सवर जात नाही, तोंडी ठरलेलं असतं, दोन जण आयआरवर गेले की त्याला परत घेतात. अनुभवी माणूस पहिल्या आठवड्याला रोस्टरवर असला की त्याच्या वर्षभराच्या पगाराची जबाबदारी टीमवर येऊ शकते, म्हणून काहींना दुसऱ्या आठवड्यात बोलावतात.

एडिसनचा_बाप्पा

सॅलरी कॅपही (टीमच्या एकूण पगारावरची मर्यादा). ऑफसीझनला वरचे ५१ करारच मोजतात, सीझन सुरू झाला की ५३, आयआर, प्रॅक्टिस स्क्वॉड सगळं.

सांताक्लारा_केदार

दुसऱ्या क्वार्टरबॅकचं मी लिहितो, आपल्याइतकं ते कुणाला माहीत असणार. २०२२ च्या ऑगस्टमधे नेट सडफेल्डला सोडून २६२ वा, म्हणजे ड्राफ्टमधला अगदी शेवटचा पर्डी ठेवला. ट्रे लान्स दुसऱ्या आठवड्यात गेला, गारोपोलो डिसेंबरात, आणि तिसऱ्या नंबरचा हा मुलगा थेट कॉन्फरन्स फायनलला. तिथे फिलाडेल्फियात तो आणि जॉश जॉन्सन दोघंही जखमी, ३१-७. आणीबाणीच्या तिसऱ्या क्वार्टरबॅकचा नियम २०२३ ला आला तो त्यानंतरच. २०२५ ला मॅक जोन्सने आठ मॅच सुरू केल्या, पाच जिंकल्या.

प्रीसीझनला क्वार्टरबॅकचे यार्ड मोजू नका. तिसऱ्या डाऊनला (प्रयत्नाला) ८ यार्ड हवे असताना ५ यार्डांवर फेकतो का? पहिला रिसीव्हर झाकलेला असला की डोकं दुसरीकडे वळतं की पाय पळायला लागतात? दबाव आला की बॉल बाहेर फेकून देतो का? आणि हडलमधून (चाल ठरवायचा घोळका) लाइनवर येईपर्यंत प्ले क्लॉकवर (चाल सुरू करायच्या मुदतीचं घड्याळ) किती सेकंद उरतात. फोर्टीनायनर्सचे कोच शॅनहान यांच्या ऑफेन्समधे मोशन (स्नॅपआधीची गड्यांची हालचाल) इतकं असतं की दहाच्या खाली गेलं की गडबड होतेच.

रानजाई

केदार, प्ले क्लॉकचं लिहिलंस ते फार बरं केलंस. डिफेन्सला तसंच मिडल लाइनबॅकर बघ. आपला वॉर्नर २०२५ ला घोट्याच्या दुखापतीने बाहेर गेला तेव्हा टेटम बेथ्यून मधे आला, तोही पर्डीसारखा ड्राफ्टच्या सातव्या राउंडचा. स्नॅपआधी हात करून दोन्ही बाजूंना जागा बदलायला सांगतोय का, आणि बाकीचे ऐकतायत का, हे प्रीसीझनच्या तिसऱ्या क्वार्टरमधेही स्वच्छ दिसतं.

नाना_डलास

वरून सगळे २२ गडी दिसणारी कोचेस फिल्म एनएफएल प्लसच्या प्रीमियममधे आहे. टीव्हीवर सेफ्टी दिसतच नाहीत.

पुणेरी_टचडाऊन

नाना, ते भारतात नाही ना? इथे डॅझनवर गेम पास घ्यावा लागतो.

नाना_डलास

हो रे, एनएफएल प्लस अमेरिकेतलंच. तू टीव्हीच्या फीडवर पंट आणि किकऑफ बघ, त्यात कॅमेरा मागे जातो आणि बरेच जण दिसतात. तळाचे गडी तिथेच सापडतात.