दुसऱ्या गिअरवरून तिसऱ्यात जातानाचा झटका
जुनी ऑटोमॅटिक गाडी तापल्यावर दुसऱ्यातून तिसऱ्या गिअरमध्ये जाताना झटका देते, म्हणून गिअरबॉक्स थेट उतरवावा, हा सल्ला मला घाईचा वाटतो. आधी गिअरबॉक्सचे तेल तपासावे. डिपस्टिक (तेल मोजायची पट्टी) असलेल्या बहुतेक गाड्यांत या तेलाची पातळी सपाट जागेवर, तेल पुरते तापलेले असताना आणि इंजिन चालू ठेवून पाहायची असते. इंजिन ऑइलच्या सवयीने ती बंद गाडीत पाहिली तर अंदाज चुकतो. डिपस्टिकवरचा थेंब पांढऱ्या कागदावर टेकवावा. लालसर, पारदर्शक डाग पसरला तर ठीक, पण काळपट डागाला करपल्यासारखा वास येत असेल तर गिअरबॉक्समधल्या क्लच प्लेटा जळू लागल्याची शंका घ्यावी.

त्यानंतर झटका बसण्याआधी आरपीएमचा (इंजिनच्या फेऱ्यांचा) काटा उसळतो का, हे पाहावे, कारण उसळत असेल तर क्लच घसरतो आहे आणि न उसळता धक्का बसत असेल तर तेलाचा दाब जास्त असणे, सोलेनॉइड (तेलाची वाट उघडबंद करणारी विजेवरची झडप) अडकणे किंवा अगदी साधे म्हणजे इंजिनचे माउंटिंग (त्याला धरून ठेवणारा रबरी आधार) फाटणे यांपैकी काहीही असू शकते. ज्या जुन्या गिअरबॉक्सचा दाब थ्रॉटलच्या (अ‍ॅक्सिलरेटरशी जोडलेल्या) केबलवर ठरतो, तिथे केबल जास्त ताणलेली असली तरी गिअर उशिरा आणि जोरात पडतात. हे मेकॅनिकही विसरतात. गाडीतले दोषांचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरवर पी०७०० दिसला तर तो गिअरबॉक्समध्ये काहीतरी दोष आहे एवढेच सांगणारा निव्वळ सूचक कोड असतो, खरा दोष ट्रान्समिशनच्या (गिअरबॉक्सच्या) कंट्रोलरमध्ये वाचावा लागतो.