आंबा बागेच्या करारातल्या अटी समजत नाहीत, कोणी सांगेल का?

हापूसची बाग यंदा सीझनपुरती व्यापाऱ्याला द्यायचीय (राजापूर साईड), त्याने स्टॅम्पपेपरवर करार टाईप करून आणलाय, त्यात लिहिलंय "नैसर्गिक आपत्ती आल्यास रक्कम परस्पर संमतीने कमी करणेत येईल" आणि मी मधेच बाग काढून घेतली तर 2 लाख दंड. सही करू का?

कातळकर: थांबा जरा. परस्पर संमतीने म्हणजे किती ते ठरलेलंच नाही ना, मग भांडण नक्की. 1872 च्या करार कायद्यात सेक्शन 29 बघा, अर्थ नक्की करता येत नसेल तर तो करार शून्य, म्हणजे कायद्याने धरलाच जात नाही. अवकाळी, वादळ, फळगळ असं नाव घेऊन लिहा आणि किती टक्के नुकसानीला किती रुपये कमी तेही, पंचनामा कोण करणार तेसुद्धा. नुसता मोहोर कमी आला किंवा वाशीच्या मार्केटात भाव पडला म्हणून करार सुटत नाही हां, सेक्शन 56 ला काम करणंच अशक्य व्हावं लागतं.

खाडीपलीकडचा: 2 लाखाला घाबरू नका, त्याच कायद्याच्या सेक्शन 74 प्रमाणे कोर्ट वाजवी तेवढीच भरपाई देतं, 2 लाख ही फक्त कमाल मर्यादा

प्रश्नकर्ता: आणि फवारणी तो करणार हे नुसतं तोंडी ठरलंय 😅

कातळकर: अहो मग लिहून घ्या की! कागदावर एक आणि तोंडी उलटं असलं तर कोर्टात सहसा कागदच चालतो. ॲडव्हान्सची तारीखपण टाका, आणि सही करण्याआधी एकदा वकिलाला दाखवा